चीफच्या परसातले देश

अमेरिका आमच्या परसात झुकली होती. तिचे नारळ आमच्या न्हाणीच्या कौलांवर पडायचे, कौलं फुटायची, आणि मी कुंपणाशी उभी राहून ओरडायचे, "चीफ, तुमची अमेरिका आवरा!"

पलीकडून थंडपणे उत्तर यायचं, "अमेरिका माझ्या हातात नाय गो. ती कोणाच्याच हातात नाय."

अमेरिका म्हणजे माड. आमच्या शेजाऱ्यांच्या परसातल्या प्रत्येक माडाला देशाचं नाव होतं. हा गृहस्थ उभा जन्म बोटीवर, इंजिनाच्या खोलीत तेल घालत राहिला. ज्या देशाच्या बंदराला बोट लागली, त्याच्या नावाने रजेवर आल्यावर एक रोप लावायचं, असा त्यांचा नेम. हॉलंड होता विहिरीच्या पाटाला, बारा महिने पाय पाण्यात. जपान सरळसोट, वेळच्या वेळी फळणारा, एक झावळी इकडची तिकडे नाही. ब्राझील बुंध्याला सुटलेला. रशिया सगळ्यांत उंच, पण वर एक नारळ धरेल तर शपथ. भारत नावाचा माड मात्र नव्हता. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आमी पाणी घालणारे. आमका कित्याक माड होया?"

ते स्वतः काही चीफ नव्हते. पण प्रत्येक वाक्याची सुरुवात "आमचो चीफ म्हणायचो" अशी. चहात साखर किती घालावी इथपासून सरकार कसं चालवावं इथपर्यंत त्या कुठल्याशा इंजिनियराचं मत असायचंच. शेवटी आमच्या तोंडवलीच्या आसपासच्या सगळ्या वाड्यांनी त्यांनाच चीफ करून टाकलं. लग्न केलं नाही. जवळचं माणूस म्हणजे वरच्या वाडीत राहणारी थोरली बहीण. तिला आम्ही सगळे बाय म्हणायचो.

चीफचं नाक म्हणजे एक प्रकरण होतं. रस्त्याने चालता चालता थांबायचे, मान वर करायचे आणि जाहीर करायचे, "रायवळ आंब्याचा लाकूड. ओला आसा." आणि त्या घरातली बाई खरंच खोकत बाहेर यायची. जन्मभर इंजिनाचा धूर हुंगून नाक मरायला हवं होतं, त्यांचं उलट तयार झालं होतं. कोणाकडे काय जळतंय हे त्यांना वासावरून कळायचं, आणि कळल्यावर गप्प बसवायचं नाही. आमच्या महिला मंडळाला त्यांनी आपली पडवी वापरायला दिली, ती एकाच अटीवर. अंगणात काही जाळायचं नाही, पाचोळासुद्धा नाही.

मी त्या मंडळाची अध्यक्षीण. आता हसू येतं, पण तेव्हा अध्यक्षीण हा शब्द मी मंगळसूत्रासारखा मिरवत होते. पन्नाशीला टेकलेली, खळ घातलेली साडी, आणि सभेला उभी राहिले की तोंडातून मालवणी पार हद्दपार. "भगिनींनो" म्हणायचे मी. समोर बसलेल्या माझ्याच जावा आणि नणंदा एकमेकींना कोपर मारायच्या, ते मला कौतुक वाटायचं.

तर झालं असं, की कुडाळकडच्या एका संस्थेने आमच्या खालच्या वाडीत घरोघरी गोबर गॅसची टाकी बांधून द्यायचं ठरवलं. ज्याच्या गोठ्यात गुरं, त्याच्याकडे टाकी. आम्हाला वाटलं सरकारी योजना. चीफनी सांगितलं, "सरकारी नाय. हॉलंडाची." आणि लागले हसायला. मग मला पाटाजवळच्या त्या माडाखाली नेऊन उभं केलं, जणू तो माडच आता सही करणार.

"आयक. धूर खंयचोय असो, वर गेलो की एक. हॉलंडाच्या गिरणीचो आणि तुझ्या चुलीचो वर जावन वेगळो रवना नाय. देशांनी जपानात बसान करार केलो, की श्रीमंत देशांनी आपलो धूर कमी करूचो. पण थंय गिरणी बदलणा महाग, हंय चूल बदलणा स्वस्त. म्हणान ते आमका शेगडी देतले, आणि आमचो जितको धूर कमी होतलो तितको आपल्या नावार मांडून घेतले."

मी अध्यक्षीण ना! लगेच कंबरेवर हात. "म्हणजे ते धूर करत बसणार आणि चूल विझवायची आम्ही? हा कुठला न्याय?"

मला वाटलं माणूस आता गप्प होणार. पण चीफनी हॉलंडच्या बुंध्यावर थाप मारली आणि म्हणाले, "बरोबर बोललंस. ही गजाल माका पण टोचता. पण त्यांचो धूर पण कमी होवचो आसा, तशी कबुली लिवून दिली हा. आणि दिल्लीन हो म्हटल्याशिवाय आमच्या धुराक कोणी हात लावचो नाय. आमचो चीफ म्हणायचो, इंजिनात कोण किती काळो झालो ह्या मागसून बघूया, आदी बोट चालूक होयी."

"आणि अमेरिका?"

"ती कुंपणाभायर," म्हणाले. आमच्या न्हाणीकडे बघत.

तो करार नुसता होऊन पडला होता, पुरेसे देश आत आल्याशिवाय लागू होणार नव्हता. आता अडलं होतं ते रशियावाचून, म्हणून ती सगळी वर्षं चीफ रोज सकाळी रशियाच्या माडाकडे बघायचे. बुंध्यात मीठ टाकायचे, राख टाकायचे, चुचकारायचे. मग एके दिवशी लुंगी सावरत रस्त्याने धावत आले, "रशियान सही केल्यान! रशियान सही केल्यान!" अख्खी वाडी माड बघायला गोळा झाली. वर नारळ नव्हताच. "रेडिओर सांगल्यानी रे," म्हणाले, आणि सगळ्यांना शहाळी दिली. जपानची.

टाक्या झाल्या. निळी ज्योत पेटली. चहा लवकर होतो, भांडी काळी होत नाहीत, डोळ्यांतून पाणी येत नाही. बायका खूश. पण वरच्या वाडीचं अजून व्हायचं होतं, आणि चीफचा सगळा जीव तिथे अडकला होता. बायचे डोळे चुलीने खाल्ले होते. पापण्या कायम लाल, कडा सुजलेल्या, माणूस जवळ आल्यावर ती आवाजावरून ओळखायची. चीफ रोज चढण चढून तिच्या डोळ्यांत औषध घालायला जायचे. बाय त्यांना म्हणायची, "तुझा औषद सकाळी, माजी चूल दिवसभर. कोण जिंकतला सांग." संस्थेचं म्हणणं असं, की खालच्या वाडीचा धूर खरोखर कमी झाला हे तपासून ठरलं की मगच हॉलंडाचे पैसे येणार, आणि त्यातून वरच्या वाडीच्या टाक्या. आणि तपासायला येणार होती बाई. जपानची.

मी म्हटलं, "घेणार हॉलंड, देणार आम्ही, मग ही जपानची बया मध्ये कशाला?"

चीफ मला किनाऱ्यावर घेऊन गेले. रापण नुकती ओढून झाली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. दोन टोकांचे दोन दोर, दोन्हीकडून गाव ओढतं, आणि ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. वाळूवर माशांचे ढीग मांडले होते. एक म्हातारा तांडेल, रापणीचा म्होरक्या, ढिगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभा. दुसऱ्याने एका ढिगावर बोट ठेवून विचारलं, "हो कोणाचो?" तांडेलाने न बघता एक नाव घेतलं. पुढचा ढीग, "हो कोणाचो?" पुढचं नाव. मोठा ढीग कोणाला, लहान कोणाला, त्याला दिसतच नाही. म्हणून भांडण नाही.

"ती बाई म्हणजे हो," चीफ म्हणाले. "पाठ करून उभी रवणारी. आणि कळला मा, तिका काय शिजवून घालूचा नाय, सजवूचा नाय. वाडी जशी आसा तशी दाखवायची."

आता तुम्हीच सांगा, पाहुणी जपानहून येणार, आणि तिला काही शिजवून घालायचं नाही? चीफना काय कळतं, बिनबायकोचा माणूस! मी मंडळाची बैठक घेतली. शेगड्या चिंचेने घासा, वर फूल ठेवा. जेवणाचा बेत ठरला. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, सुंगटांचं म्हणजे कोलंबीचं सुकं, घावणे, सोलकढी. माझं स्वागताचं भाषण तर आठवडाभर पाठ होत होतं. शीर्षक होतं "धूरमुक्त वाडी".

बाई आली. हातात छोटी पिशवी, पायात कापडी बूट, बोलणं अगदी थोडं. संस्थेचा साहेब तिचं इंग्रजी मराठीत करून सांगत होता. ती घराघरात गेली, शेगडी पेटवून बघितली, टाकीत काठी घालून बघितली. फूल बाजूला ठेवून मग शेगडी पेटवली, एवढंच माझ्या लक्षात राहिलं. मग पडवीसमोर सगळ्यांना बसवून तिने विचारलं, "तुमच्याकडे आता लाकूड जळतं का?"

"नाही!" सगळ्या एका सुरात.

आणि खोटं कोणी बोलत नव्हतं हो. देवाशपथ. आमच्या मनातसुद्धा आलं नाही.

मी उभी राहिले. "आदरणीय पाहुण्या, आणि भगिनींनो. आज आमची वाडी संपूर्णपणे धूरमुक्त..." इथे मला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, भावना दाटून आल्या. पदराने डोळे पुसून मी पुन्हा "धूरमुक्त" म्हटलं, पुन्हा ठसका. माझ्या मागे प्रत्येक घराच्या परसातून, मागच्या मांगराच्या खोपीतून, माडांच्या वर धुराचे लोट चढत होते, आणि वाऱ्याने ते सगळे माझ्या भाषणावर आणून घातले होते. जपानची बाई माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या डोक्याच्या वर बघत होती.

कारण असं, की पाहुण्यांचं जेवण आमच्याकडे चुलीवर होतं. मातीच्या भांड्यात, लाकडावर. गॅसवरचं तिखलं घरच्यांना चालतं, पाहुण्यांना घालायचं म्हणजे अपमान. ती आमची रोजची चूल नव्हतीच. ती पाहुण्यांची चूल! आपली चूल आम्ही विझवली होती. ही वेगळी. ह्यात विचारण्यासारखं काय होतं?

संस्थेच्या साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने घाईघाईने इंग्रजीत काहीतरी सांगितलं. एवढं मलाही कळलं, की तो आजचा कसलासा धार्मिक विधी आहे असं म्हणतोय.

चीफ उठले. नाक वर. "काजूची लाकडा," म्हणाले. "आणि करवंट्यो. बांगडो लागता हा खंय तरी, बघा कोणाचो तो." मग आपल्या बोटीवरच्या इंग्रजीत बाईला म्हणाले, आणि मग आमच्यासाठी मालवणीत, "ह्यो विधी नाय. ही चूल. लाकूड जळता हा. तुमच्यासाठी."

मी दात ओठ खाल्ले. "चीफ! वरच्या वाडीचं काय होईल? बायचं काय?"

ते माझ्याकडे वळले. त्या माणसाचा आवाज मी त्याआधी कधी इतका हळू ऐकला नव्हता. "रापणीत पाठ करून उभ्या रवलेल्याच्या कानात कोणी सांगल्यान, की मोठो ढीग माजो, तर दुसऱ्या दिवशी दोर कोण धरतलो? हो दोर तोंडवलीसून हॉलंडापर्यंत आसा गो. बायच्या नावान मी खोटो वाटो घेवचंय नाय."

बाईने साहेबाला हळूच काही विचारलं. तो म्हणाला, "त्यांना चूल बघायची आहे."

ती माझ्या मांगरात आली, चुलीपुढे उकिडवी बसली, भांड्यात वाकून बघितलं. मग जेवली. बांगड्याचा काटा तिने इतका साफ काढला, की आमच्या मांजराला उपास पडला. दुसऱ्यांदा तिखलं मागून घेतलं. आणि जेवून झाल्यावर हात धुऊन घराघरात पुन्हा गेली, एकच प्रश्न घेऊन. तुमच्याकडे पाहुणे किती येतात?

अरे देवा! असा प्रश्न आमच्या बायकांना कोणी जन्मात विचारला नव्हता. गणपतीला चाकरमानी येतात, मे महिन्यात नणंदेची पोरं येतात आणि हलत नाहीत, व्याही येतात ते नुसते खोडी काढायला येतात. संध्याकाळपर्यंत ती ऐकत होती. साहेबाचा घसा बसला.

निघताना साहेबाने सांगितलं, "बाई म्हणतात, पाहुण्यांच्या चुलीचा धूर वजा करणार. बाकीचा कमी झाला असं धरणार. धूर डोळ्यांनी बघितला, म्हणून बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसला, म्हणतात. पुढेही चूल पेटली की सांगायचं."

ते सांगण्याचं काम चीफनी आपल्याकडेच घेतलं, आणि आमच्या नाकी नऊ आणले. कुठे धूर दिसला की कुंपणावरून हाक. "पावणे?"

"व्हय, मुंबईचे!"

"वजा करतंय!"

एका घरात जावई इतक्यांदा यायला लागला, की चीफ त्याच्या सासूला म्हणाले, "ह्येका आता घरचो समज आणि गॅसार घाल."

कागद इथून गेला, दिल्लीला गेला, मग परदेशात निरनिराळ्या देशांची माणसं एका टेबलाशी बसतात तिथे गेला. चीफ रोज एकेका माडाला हात लावून अंदाज सांगायचे. आज हंय असतलो, उद्या थंय. पाऊस येऊन गेला. बायच्या एका डोळ्याने बघणं जवळजवळ सोडून दिलं. मी चढण चढून भेटायला गेले, तर ती म्हणाली, "माजो भाव खराच बोललो. पण खऱ्याक पाय नसतत गो, हळू येता ता."

आलं. पण वजाबाकी करून आलं. वरच्या वाडीत घरं जास्त, आलेल्या पैशात बसणाऱ्या टाक्या कमी. उरलेल्या पुढच्या खेपेला. आता पहिल्यांदा कोण? भांडण पेटणार एवढ्यात चीफनी जपानवरून नारळ उतरवले. जितकी घरं तितके नारळ. हिरवं शहाळं म्हणजे टाकी आत्ता, सुका नारळ म्हणजे पुढच्या खेपेला. अंगणात मांडले. "बहीण माजी, म्हणान मी पाठ करूचंय नाय. तू उभी रव," मला म्हणाले.

मी पाठ करून उभी राहिले. अध्यक्षीणबाईंचं डोकं काय चाललं म्हणता! चीफ बोट ठेवणार, तर आपल्या बहिणीसाठी पहिलं बोट शहाळ्यावरच ठेवणार ना? माणूस आहे शेवटी. मागून आवाज आला, "हो कोणाचो?" मी तडक बायचं नाव घेतलं. आणि मनात म्हटलं, काय गं तू हुशार!

मी वळून बघितलं. सुका नारळ.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चीफचं बोट अजून त्याच नारळावर. तेवढ्यात ओट्यावरून बायचं हसणं ऐकू आलं. "सुको काय? बरो झालो. आमटीच्या वाटपाक तरी येतलो."

पुढची खेप यायला आणखी एक पाऊस गेला. संस्थेचा साहेब सांगायचा, की पुष्कळ गावांचे कागद प्रश्न विचारायला परत येतात, तोंडवलीचा आला नाही. मला ते तेव्हा फारसं कळलं नाही, आता कळतं. पाठ करून उभं राहणाऱ्याला आमचा धूर आम्ही होऊन दाखवला होता, त्यामुळे त्याने मान वळवली नाही. बायच्या गोठ्यामागे टाकी झाली. गॅस यायला दिवस लागतात, ती वाट बघता बघता चीफ एवढे वाळले, की मी म्हटलं, तुमच्या बुंध्यातही मीठ टाकायला हवं.

ज्या दिवशी ज्योत पेटली त्या दिवशी बायने आम्हा दोघांना बोलावलं. जाऊन बघते तो बाय अंगणात चुलीवर वाकलेली, लाकडं रचलेली, काडी ओढायच्या बेतात.

"ह्या काय गो?" चीफ ओरडले.

"पावणो इलो मा माजो. भाव इलो," बाय म्हणाली. "पावण्याक काय गॅसार च्या देवची?"

चीफनी तिच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. "मी पावणो नाय. बाये, आयक माजा. ह्या घराक मी पावणो कधी नव्हतंय. गॅसार ठेव."

ती काडेपेटी परत घेऊन चाचपडत आत गेली. शेगडीला काडी लावली, निळी ज्योत आली, वर टोप ठेवला. चीफ शेगडीसमोर पाटावर बसले आणि सवयीने नाक वर केलं, डोळे मिटले. आता काहीतरी लाकडाचं नाव येणार म्हणून आम्ही दोघी थांबलो.

"काय वास येता?" बायने विचारलं.

"कायच नाय," चीफ म्हणाले. आणि पुन्हा नाक वर करून हुंगलं. "कायच येना नाय गो."

चीफना जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाय त्यांच्यानंतरही होती. एक डोळा गेला, दुसरा तिने माझी साडी कुठल्या रंगाची हे सांगण्यापुरता शेवटपर्यंत सांभाळला. त्या कराराचं पुढे काय झालं, कुठला देश आत आला, कुठला बाहेर गेला, हे नातू मला मोबाइलवर वाचून दाखवतो. नवीन करार, नवीन बाजार, पुन्हा कोण किती कमी करणार यावर वाद. मी म्हणते, वाद होऊ देत. दोर सोडला नाही ना कोणी? मग झालं. रापण काही एका ओढीत येत नाही.

अमेरिका अजून आमच्याच परसात झुकलेली आहे. न्हाणीला आता पत्रा आहे, त्यामुळे आवाज जास्त होतो. रशिया मात्र चीफ गेल्यावर फळायला लागला. मेला, आधी फळला असता तर काय बिघडलं असतं!

पाहुणे आले की मी अजून मांगरात चूल पेटवते. तिखलं चुलीवरचंच, ह्यात मी कोणाचं ऐकणार नाही, सगळे देश एका टेबलाशी बसून आले तरी. फक्त काडी ओढण्याआधी परसात जाते, कुंपणाशी उभी राहते आणि पलीकडच्या माडांना ओरडून सांगते, "चीफ, आज पावणे आसत हा. वजा करा!"